एकशे ब्याण्णव व्होल्ट

निरंजन वर्तक आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरला तेव्हा मी वरच्या खोलीत बनियनवर बसून दाढी करत होतो. रविवार होता, सव्वाबारा वाजले होते आणि खाली आठही माग सुरू होते. माग सुरू असताना जिन्यात कोणी मेलं तरी वर कळत नसे. म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, नेहमीप्रमाणे काठीने तुळईवर तीन ठोके दिले. तीन ठोके म्हणजे पाहुणे. दोन म्हणजे जेवण. एक म्हणजे माझं काहीतरी चुकलं आहे.

मी अर्ध्या गालावर फेस ठेवून जिन्यातून वाकून पाहिलं. खांद्यापर्यंत केस, काळा शर्ट, आणि त्या शर्टावर, केसांवर, भुवयांवर कापसाची पिंज. आमच्या शेडने दोन मिनिटांत त्याला म्हातारा केला होता.

"विलास मगदूम इथेच राहतात का?" तो ओरडून विचारत होता.

"वर्गणी असंल तर गणपती कवाच झालं," अण्णा म्हणाले.

"वर्गणी नाही. मी निरंजन वर्तक."

अण्णांना त्या नावाचा काही बोध झाला नाही. माझ्या हातातला वस्तरा मात्र जिन्यावरून घरंगळत थेट तिसऱ्या मागाखाली गेला. पुढचे दोन तास मी अर्धी दाढी घेऊन वावरलो, हे आधीच सांगून ठेवतो. त्या दिवसाबद्दल जे जे आठवतं त्यात ते सगळ्यात कमी लाजिरवाणं आहे.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. 'कडप्पा' हा पुण्याचा रॉक बँड होता आणि निरंजन वर्तक त्यातला गाणारा, गाणी लिहिणारा आणि पोस्टरवर मध्ये उभा राहणारा. स्वयंपाकाच्या ओट्याला बसवतात त्या फरशीचं नाव त्यांनी का घेतलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही चाहत्यांनीही, म्हणजे महाराष्ट्रभरच्या अंदाजे चारशे माणसांनी, कधी विचारलं नाही. त्यांच्या पहिल्या दोन कॅसेट मी पुण्याच्या हॉस्टेलवर पार्टनरच्या डेकवर इतक्या ऐकल्या होत्या की दुसऱ्या गाण्यात ड्रमवाला कुठे खोकतो हे मला पाठ होतं. मग अण्णांचं पत्र आलं की माग दुरुस्त करणारा जॉबर सोडून गेला, आता तू ये. मी इचलकरंजीला परत आलो तो दोन गोष्टी घेऊन: अर्धवट एम.ए. आणि 'मगदूमला कान आहे' ही हॉस्टेलभरची ख्याती. गावाला दोन्हींचा उपयोग नव्हता. जॉबरचं काम मला जमेना. शेवटी अण्णांनी मला एका सहकारी बँकेत चिकटवलं.

कान तेवढा माझा राहिला होता.

त्या ऑगस्टात 'कडप्पा'ची तिसरी कॅसेट निघाली, 'गच्चीची किल्ली'. सिकंदर मुजावरने ती कोल्हापूरहून आणली. सिकंदर माझा शाळासोबती. गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. गाण्यातलं त्याला काही कळत नसे, पण मला कळतं यावर त्याचा विश्वास होता, आणि मित्राकडून माणसाला आणखी काय हवं असतं?

बँकेतून आल्यावर मी हातपायसुद्धा न धुता कॅसेट अण्णांच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. हा टेप अण्णांच्या भजनांचा. मी पुण्यात असताना एकदा जळला होता, तो सिकंदरनेच पुन्हा उभा केला होता. मी कान जाळीला लावला, कारण खाली माग होते. आणि पहिल्याच गाण्याला माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

हा निरंजन वर्तक नव्हताच. म्हणजे तोच होता, पण दहा वर्षांनी मोठा झालेला. आधीच्या कॅसेटींत तो भांडायचा. इथे तो भांडण संपल्यावर माणूस उरतो तसा होता. आवाज खाली, विहिरीत उतरल्यासारखा. ड्रमचा प्रत्येक ठोका विचार करून पडत होता. तिसरं गाणं कॅसेटच्याच नावाचं. एका इमारतीत गच्चीची किल्ली ज्या म्हाताऱ्याकडे असते तो वारतो, आणि कोणालाच ठाऊक नसतं की आता किल्ली कुठे आहे. एवढंच गाणं. "वर कुणी आहे का," असं तो विचारतो, आणि पुढची ओळ यायच्या आधी इतका थांबतो की मला वाटलं, आता उत्तर येईल.

मी ती बाजू त्या संध्याकाळी सहा वेळा ऐकली. सिकंदरला बोलावून सातव्यांदा ऐकवली.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

सिकंदर टेपकडे बघत बसला होता. "जड हाय," तो म्हणाला.

"अगदी बरोबर शब्द. जड. लेका, तुलाबी कान हाय की."

तो काहीतरी म्हणणार होता, पण मी त्याच्यासाठी चहा सांगायला धावलो.

त्याच आठवड्यात मी कोल्हापूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीला पाच पानांचा लेख पाठवला. 'कडप्पा थांबायला शिकला' असं शीर्षक. त्यात मी लिहिलं होतं की हा बँड आजवर धावत होता आणि धावणाऱ्याला रस्ता दिसत नाही. की निरंजन वर्तक यांच्या आवाजाला आता तळ सापडला आहे. की 'वर कुणी आहे का' नंतरची शांतता हे मराठी रॉकमधलं आजवरचं सर्वोत्तम वाद्य आहे. हे शेवटचं वाक्य मी छापून आल्यावर सिकंदरला चार वेळा वाचून दाखवलं. संपादकांचं पत्र आलं की आवडल्यास सदर सुरू करू. बँकेत हेडकॅशियरने लेख वाचून मला विचारलं की हा कडप्पा कोणत्या खाणीचा. एकूण माझे दिवस बरे आले होते.

बाकी सगळ्यांनी मात्र त्या कॅसेटला झोडपलं होतं. पुण्याच्या एका समीक्षकाने लिहिलं की बँडला बहुधा शेवटची बस पकडायची होती. दुसऱ्याने लिहिलं की गाणी चांगली आहेत, पण गाणाऱ्याच्या मागे कुत्रा लागला आहे. मी ते वाचून हसलो. मला त्या लोकांची कीव आली. पुण्यात राहून माणसाचे कान कसे बधिर होतात, यावर पुढचा लेख लिहायचं मी ठरवून टाकलं होतं.

तर असा निरंजन वर्तक आता आमच्या वरच्या खोलीत, अण्णांच्या गादीवर मांडी घालून बसला होता. खिशातून त्याने माझ्या लेखाचं कात्रण काढलं. घड्यांवर फाटायला आलं होतं.

"पेपरवाल्यांनी पत्ता दिला," तो म्हणाला. "आज संध्याकाळी कोल्हापूरला आमचा कार्यक्रम आहे. शेवटचा."

"या दौऱ्यातला?"

"आयुष्यातला. पहिल्या तारखेपासून भावाच्या छापखान्यात बसणार आहे. बाकीच्यांना अजून सांगितलेलं नाही." त्याने कात्रण गादीवर पसरलं. "म्हटलं, त्याआधी तुम्हाला भेटावं. सगळ्या महाराष्ट्रात ही कॅसेट कळलेले तुम्ही एकटे. मगदूम, एक विचारू? रागावू नका."

"छे, छे. विचारा की."

"तुम्ही लिहिलंय, 'वर कुणी आहे का' नंतर मी थांबतो. मी अकरा वेळा ऐकलं. मला तो थांबा सापडला नाही. मला दाखवा, कुठे आहे."

मी हसलो. थोर कलावंतांना आपलंच मोठेपण दिसत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. पण पुण्यात माझ्या कानाची परीक्षा हॉस्टेलची पोरं घ्यायची. इथे खुद्द गाणारा समोर होता, आणि तो आज संध्याकाळनंतर गाणं सोडायचं की नाही हे माझ्या कानावर टांगून बसला होता. मी टेप पुढे ओढला, तिसरं गाणं काढलं आणि बटण दाबलं.

आधी त्याने मान वाकडी केली. मग टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग छताच्या चाळीसच्या बल्बकडे, जो नेहमीप्रमाणे पिवळट मिणमिणत होता. पहिलं कडवं संपलं.

"हा मी आहे?" त्याने हळूच विचारलं.

"आणि कोण?"

"वर कुणी आहे का," टेपमधला निरंजन विहिरीतून म्हणाला. आणि थांबला. खाली आठ माग धडधडत होते, आणि तरीही ती शांतता ऐकू आली.

"हा," मी म्हणालो. "हा बघा तुमचा थांबा."

समोरच्या निरंजनने स्वतः हात पुढे करून गाणं मागे नेलं आणि परत लावलं. परत. प्रत्येक वेळी तो टेपच्या जरा जास्त जवळ सरकत होता. चौथ्यांदा त्याचं कपाळ जवळजवळ जाळीला टेकलं होतं. माझा आनंद पोटात मावत नव्हता. मनातल्या मनात मी सदराची पुढची पाच वर्षं लिहून काढली.

तेवढ्यात एक वाजला.

आमच्या गल्लीत एक ते दीड जेवणाची सुट्टी. आधी कोपऱ्यावरच्या शेडचे माग बंद झाले, मग समोरचे, मग शेजारचे. खरं तर हे रोज व्हायचं. पण रोज मी त्या वेळी बँकेत असे. आणि रविवारी एक ते दीड ही अण्णांची झोपेची वेळ असल्यामुळे घरात चमचासुद्धा वाजवायची चोरी होती. त्यामुळे पुढे जे झालं ते मी कधीच ऐकलेलं नव्हतं.

कोपऱ्यावरची शेड थांबली आणि निरंजनचा आवाज विहिरीतून एक पायरी वर आला. समोरची थांबली आणि ड्रमवाल्याने विचार करणं सोडलं. बल्ब उजळत चालला होता. शेवटी आमचे आठ माग थांबले तेव्हा टेपमधला निरंजन बोकडासारखा सुटला होता. "वर कुणी आहे का" म्हणून एक क्षणही न थांबता तो पुढच्या ओळीवर गेला. एखादा वॉचमन पोरांना गच्चीवरून हाकलतो तसा. सगळ्या गल्लीत आता तेवढाच एक आवाज होता.

जिन्यातून अण्णा वर आले. काखेत चटई.

"एकला सगळीच गाणी घाईवर येत्यात," ते निरंजनला म्हणाले. "आमच्या भजनाचंबी तेच. म्हणून तर मी झोपतो. लाइट वाढती न्हवं."

"लाइट," निरंजन म्हणाला.

"माग चालू असलं की हितं वोल्टेज पडतंय. बंद केलं की चढतंय. ह्या टेपला सिकंदरनं कसलं तरी मोटर घातलंय, ते वोल्टेजबरोबर नाचतंय. सगळ्या गल्लीला ठावं हाय."

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कान असलेला एक सोडून.

माझ्या अर्ध्या दाढीवरचा फेस एव्हाना वाळून खाजायला लागला होता, पण खाजवायचं धैर्य होईना. मी कात्रणाकडे बघत होतो. 'मराठी रॉकमधलं आजवरचं सर्वोत्तम वाद्य.' ते वाद्य इचलकरंजीच्या तारांतून आलं होतं.

"सिकंदर," मी खिडकीतून हाक मारली. त्या आवाजात काहीतरी असावं, कारण तो भाकरीचा घास हातात घेऊनच आला. पाहुणा कोण हे कळल्यावर त्याने घास खिशात ठेवला.

"तुला माहीत होतं?"

"आता काय सांगू तुला, मर्दा," तो म्हणाला. "स्पीड धरून ठेवायचं गव्हर्नर असतंय मोटरमधी. तसलं मोटर त्या वेळी मिळालं न्हाई. अण्णा म्हणालं, भजनाला चालतंय. मग साधंच घातलं."

"आणि माझा लेख? चार वेळा वाचून दाखवला तुला."

"तीनदा मला सांगायचं धाडस झालं न्हाई. चौथ्यांदा सांगणार होतो, तर तू चहा आणि वर भजी सांगिटलीस."

मी निरंजनकडे वळलो. मला माफी मागायची होती, पण कशाची मागायची हे नीट जमेना. "वर्तक, मला वाटलं की तुम्ही…"

"गप्प बसा हो जरा," निरंजन म्हणाला. तो चिडला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते, पण वेगळ्याच कारणाने. "मी ते असंच लिहिलं होतं."

"कसं?"

"असं. मघाचं. सावकाश. त्या म्हाताऱ्याकडे खरंच किल्ली असायची, आमच्या इमारतीत. तो गेला त्या रात्री लिहिलं. मग कंपनीचा माणूस म्हणाला, एका बाजूला पाच गाणी बसली पाहिजेत, बाजू तीस मिनिटांची. म्हणून पळवलं. सगळीच पळवली. नंतर मलाच आठवेना की मुळात चाल काय होती." त्याने टेपवर हात ठेवला. "मघाशी आठवली. आणि आता गेली. परत तशी करा ना."

"माग दीडला सुरू हुतील," अण्णा म्हणाले.

"पण ती चाल नेमकी किती? आणि पट्टी कुठली? संध्याकाळी बाकीच्यांना सांगू काय मी, इचलकरंजीसारखं वाजवा?"

सिकंदर एकदम उठला. "डिमरस्टॅट," तो म्हणाला, आणि जिना उतरून पळत सुटला.

डिमरस्टॅट म्हणजे मोटर तपासायचं यंत्र. वर एक गोल मूठ असते, ती फिरवली की पाहिजे तेवढं व्होल्टेज मिळतं. ते बारा किलोचं धूड छातीशी धरून तो परत आला तेव्हा एक वाजून आठ मिनिटं झाली होती. दीडपर्यंत लाइट पूर्ण होती, म्हणजे मूठ फिरवून हवी तेवढी खाली आणता येणार होती. दीडला सगळं परत डळमळणार होतं. बावीस मिनिटं. टेपची वायर त्याने दाताने सोलली.

"दोनशे तीस," तो म्हणाला. टेपमधून बोकड.

"खाली," निरंजन म्हणाला.

"दोनशे वीस. दोनशे दहा."

"अजून. अजून खाली."

"एकशे ऐंशी."

"हे फार झालं. हा मेलेलाच वाटतोय." निरंजन माझ्याकडे वळला. "मगदूम, तुम्ही ऐका. किती वेळा ऐकलंय तुम्ही हे?"

"दोनशेच्या वर," मी म्हणालो.

"मग तुम्हीच सांगा."

मी डोळे मिटले. कान जाळीला लावला. सिकंदर मूठ केसभर फिरवत होता आणि मी हाताने वर, खाली, वर अशा खुणा करत होतो. मोटर चुकीची होती, लाइट चुकीची होती, लेख तर चुकीचा होताच. पण ते गाणं दोनशे वेळा ज्या जागी थांबलं होतं ती जागा माझ्या पाठीत बसली होती. सहा वेळा ती हुकली. एक वाजून चोवीस मिनिटांनी "वर कुणी आहे का" नंतर माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"इथं," मी म्हणालो.

"एकशे ब्याण्णव," सिकंदरने वाचलं.

अण्णांनी न सांगताच कोपऱ्यातली भजनाची पेटी ओढली होती. एक हात भात्यावर, डोळे मिटलेले. दोन सूर दाबले, तिसरा दाबला आणि तिथेच थांबले. "पांढरी एक," ते म्हणाले. "मगाशी पळत होता तवा काळी दोन होती. पोरा, पांढरी एकला तू माणसागत गातोस."

निरंजनने कात्रणाच्या पाठीवर लिहून घेतलं. नाडीवर बोट ठेवावं तसं मांडीवर बोट ठेवून ठोके मोजले, तेही लिहिले. मग पेटीच्या सुरावर त्याने एकच ओळ गायली, हळू आवाजात. आणि थांबला.

त्या थांब्यात समोरच्या शेडचे माग सुरू झाले. दीड.

संध्याकाळी मी आणि सिकंदर लुनावरून कोल्हापूरला गेलो. दाढी पुरी करून. हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि निम्मी कोणाच्या तरी पासवर आलेली. निरंजनने तिसऱ्या गाण्याआधी बाकीच्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. ड्रमवाल्याने त्याच्याकडे वेड्याकडे बघतात तसं बघितलं, पण काठ्या खाली केल्या. "वर कुणी आहे का" नंतर तो थांबला तेव्हा मागच्या रांगेतल्या एकाला वाटलं गाणं संपलं, त्याने टाळी वाजवली. शेजारच्या बाईने त्याचा हात धरला. सिकंदर पुढे वाकून बसला होता, ओठ हलत होते.

"काय रे?" मी कुजबुजलो.

"थोडं जास्तच चाललंय," तो म्हणाला. "एकशे पंच्याण्णव असंल."

निरंजन छापखान्यात बसला नाही. पुढच्या वर्षी 'गच्चीची किल्ली' पुन्हा निघाली, नव्याने ध्वनिमुद्रित, एका बाजूला चारच गाणी. माझ्या नावाने पार्सल आलं. मी आधी कव्हर उघडून आतली बारीक अक्षरं वाचली, कारण माणूस शेवटी माणूस असतो. तिथे लिहिलं होतं: 'विशेष आभार: सिकंदर मुजावर. पेटी: अण्णा मगदूम.' माझं नाव कुठे नव्हतं. मी कव्हर उलटं करूनही पाहिलं.

सिकंदर त्याच दिवशी गव्हर्नरवाली मोटर घेऊन आला. म्हणाला, बसवतो आता. मी नको म्हटलं.

मी बँकेत अर्धी रजा टाकली. एक वाजता कोपऱ्यावरची शेड थांबली, मग समोरची, मग शेजारची, मग आमची. अण्णांनी त्या दिवशी चटई पसरली नाही, भिंतीला टेकून बसले. बल्ब पूर्ण उजळला तेव्हा मी नवी कॅसेट घालून बटण दाबलं. बाजू तीस मिनिटांची, सुट्टीही तीस मिनिटांची. शेवटचा सूर संपला आणि खाली पहिल्या मागाचा धोटा सुटला.

संपादक सदरासाठी थांबले होते. पाच पानं तरी हवीत, असा निरोप होता. मी एक ओळ पाठवली, आणि त्यांनी, कसं कोण जाणे, ती तशीच छापली: 'कॅसेट उत्तम आहे. जेवणाच्या सुट्टीत ऐकावी.'